चार नंबरच्या लेकराचं इंजेक्शन

नवजात कक्षात चार नंबरच्या वॉर्मरवरचं, म्हणजे ऊब देणाऱ्या पाळण्यातलं, लेकरू तळपायापर्यंत पिवळं झालं होतं. निळ्या दिव्याखाली पिवळेपणा नीट कळत नाही, म्हणून सिस्टर पंचशीलानं दिवा क्षणभर बंद केला, अंगठ्यानं लेकराचा तळवा दाबला आणि सोडला. दाबलेल्या जागी हळदीचा हात लागल्यासारखा ठसा उमटला. तिनं दिवा पुन्हा लावला, डोळ्यांवरची पट्टी सारखी केली आणि केसपेपर उचलला.

सकाळचे दहा वाजून गेले होते. डॉ. यज्ञेश राउंड घेऊन खाली ओपीडीत गेले होते. लेकराला पहाटेपासून ताप होता, दूध ओढणं बंद झालं होतं. मेंदूच्या पडद्यापर्यंत जंतू गेले असावेत, अशी शंका त्यांनी लिहिली होती आणि खाली औषध लिहिलं होतं: सेफ्ट्रायाक्सोन, दिवसातून एकदा, शिरेतून.

पंचशीलानं ते नाव दोनदा वाचलं. मग सलाईनच्या बाटलीकडं पाहिलं. बाटलीवर तिच्याच हातची चिठ्ठी होती: कॅल्शियम. लेकराची आई अंबिका साखरेची पेशंट. लेकरू जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरवायला लागलं, तपासलं तर रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं. तेव्हापासून थेंब थेंब कॅल्शियम चालू होतं. आज लेकराचा पाचवा दिवस.

खालच्या मेडिकलमधून औषधाची कुपी वर येऊन ट्रेमध्ये पडली होती. पंचशीलानं ती उचलली नाही.

सेफ्ट्रायाक्सोन आणि सेफोटॅक्सिम ही एकाच घराण्यातली दोन औषधं. दोन्ही काचेच्या कुपीत पांढऱ्या पुडीसारखी येतात, दोन्ही पाण्यात विरघळवून शिरेतून देतात, मारतात तेही जवळपास तेच जंतू. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा हे दिलं काय नि ते दिलं काय. उलट सेफ्ट्रायाक्सोन दिवसाला एकदा टोचलं की काम भागतं, सेफोटॅक्सिम दोनदा-तीनदा द्यावं लागतं. त्यामुळं डॉक्टर, सिस्टर, मेडिकलवाले, सगळ्यांचा ओढा पहिल्याकडं. पण पाच दिवसांच्या लेकराच्या अंगात गेल्यावर हेच औषध दोन ठिकाणी घात करतं. कावीळ झालेल्या लेकराच्या रक्तात पिवळं विष प्रथिनाला धरून बसलेलं असतं. सेफ्ट्रायाक्सोन येतं आणि त्याला तिथून उठवून लावतं. सुटलेलं विष मेंदूत शिरतं. लेकरू वाचलं तरी जन्माचं अधू. आणि कॅल्शियम चालू असेल तर दोघांची गाठ पडून रक्तातच पांढरा साका धरतो, फुप्फुसात जाऊन अडकतो. सेफोटॅक्सिम यातलं काहीच करत नाही.

हे तिनं पुस्तकात नंतर वाचलं. आधी ऐकलं होतं डॉ. प्रमोदिनींच्या तोंडून, लातूरला. तिथल्या दवाखान्याच्या नवजात कक्षात पंचशीलानं सहा वर्षं काढली होती. नवरा आनंदराज याला अर्धापूरच्या शाळेत नोकरी लागली, म्हणून ती नांदेडला या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आली; त्यालाही आता आठ वर्षं झाली होती. प्रमोदिनी मॅडम नव्या सिस्टरांना रांगेत उभं करून विचारायच्या, "पिवळं लेकरू आणि सेफ्ट्रायाक्सोन एका कागदावर दिसलं तर काय करायचं?" आणि स्वतःच सांगायच्या, "हात मागं घ्यायचा आणि डॉक्टरला फोन लावायचा. डॉक्टर मी असले तरी."

पंचशीलानं फोन लावला. ओपीडीतून डॉ. यज्ञेश म्हणाले, "बोला."

"सर, चार नंबरला सेफ्ट्रायाक्सोन लिहिलंय. लेकराला कावीळ आहे, कॅल्शियम पण चालू आहे. सेफोटॅक्सिम लिहायचं होतं का?"

"भिंतीवर काय लावलंय?"

भिंतीवर एक छापील कागद होता. ताप असेल तर हे औषध, न्यूमोनिया असेल तर ते. खाली डॉ. यज्ञेशांचीच सही. जंतुसंसर्गाच्या ओळीत सेफ्ट्रायाक्सोन होतं. मोठ्या मुलांच्या वॉर्डासाठी केलेला तो कागद कुणीतरी नवजात कक्षातही चिकटवला होता आणि दोन वर्षांत कुणी त्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं.

"तो कागद मोठ्या मुलांचा आहे, सर."

"सिस्टर, दोन्ही एकाच घराण्यातली औषधं आहेत. आपल्या मेडिकलमध्ये हेच येतं. कॅल्शियम चालू आहे तर दुसऱ्या हाताच्या शिरेतून द्या. संपलं."

"नवजात लेकराला दुसऱ्या शिरेतूनही चालत न्हाई, सर." तिच्या तोंडून घरची बोली निसटली.

पलीकडचा आवाज चढला. "बालरोगतज्ज्ञ मी आहे की तुम्ही? लेकराला ताप आहे, वेळ चाललाय. दहा मिनिटांत इंजेक्शन गेलं पाहिजे. नाही गेलं तर मेमो निघेल. समजलं?"

"मी नाही देणार, सर. तुम्ही वर येऊन स्वतः द्या, मी तशी नोंद करते."

फोन कट झाला.

तिची कानशिलं तापली होती. राग आला तो अपमानाचा नव्हता. डॉक्टरांची बोलणी चौदा वर्षांत पोत्यानं खाल्ली होती. राग आला तो "संपलं" या शब्दाचा. लेकरू इथं दिव्याखाली पडलंय, त्याच्याकडं न बघता खालच्या मजल्यावरून माणूस म्हणतो, संपलं. आणि तो म्हणाला ते एक खरंही होतं: वेळ चालला होता. चुकीचं औषध द्यायचं नाही, पण औषधाविना लेकराला ठेवूनही चालणार नव्हतं.

दाराच्या काचेला नाक लावून गंगम्मा उभी होती, लेकराची आजी. ही माणसं उदगीरकडची. बोलताना निम्मं मराठी, निम्मं कानडी; बाळाला ती 'कूसू' म्हणायची. पंचशीला दिसली की तिचा एकच प्रश्न असे. आताही दार किलकिलं होताच ती म्हणाली, "अक्का, कूसू कसं हाय? सुई कामून न्हाई दिलाव?"

"देणार आहे, मावशी. चांगली सुई देणार आहे. थोडं थांबा." एवढं बोलून पंचशीला वळली आणि तिनं आपल्या मोबाइलवरून लातूरला फोन लावला.

प्रमोदिनी मॅडम आता निवृत्त झाल्या होत्या, घरीच असायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनच प्रश्न विचारले, वजन किती आणि कॅल्शियम कधीपासून. मग म्हणाल्या, "यज्ञेश माझाच विद्यार्थी. तू फोन ठेव. कुपीला हात लावू नकोस, आणि कुणाला लावू देऊ नकोस."

इतक्यात मृण्मयी सिस्टर आत आली. तिला खालून फोन आला होता. "ताई, सर म्हणतेत इंजेक्शन मी द्यावं," ती चाचरत म्हणाली आणि ट्रेकडं गेली. पंचशीला ट्रे आणि वॉर्मर यांच्या मध्ये उभी राहिली. हातात काही नव्हतं, नुसती उभी. "दे खुशाल," ती म्हणाली, "पण आधी कॅल्शियमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच." मृण्मयीनं बाटलीकडं पाहिलं, लेकराकडं पाहिलं, आणि हात ॲप्रनच्या खिशात घातले.

पाऊण तासानं डॉ. यज्ञेश वर आले. केसपेपर ओढला, लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली, खाली सेफोटॅक्सिम लिहिलं आणि चिठ्ठी फाडून दाराबाहेर रेवणप्पाच्या, म्हणजे लेकराच्या बापाच्या, हातात दिली. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये ते औषध नव्हतंच. रेवणप्पा धावत गेला आणि पाच मिनिटांत परत आला. गेटासमोर रस्त्यापलीकडच्या दुकानात ढीगभर पडलं होतं. रस्ता ओलांडायचा तेवढं अंतर!

साडेअकराला पहिला डोस गेला. पंचशीलानं ड्यूटीच्या वहीत वेळेसकट सगळं लिहिलं: सरांना कळवलं तेव्हा किती वाजले, ते काय म्हणाले, औषध कधी बदललं, कधी आलं, कधी दिलं.

तिसऱ्या दिवशी लेकराचा ताप उतरला. चौथ्या दिवशी ते वाटी-चमच्यानं दूध प्यायलं. आणि पाचव्या दिवशी पंचशीलाला मेमो मिळाला.

"आपण वरिष्ठ डॉक्टरांचा लेखी आदेश डावलला, रुग्णाची माहिती बाहेरील व्यक्तीस दिली व त्यामुळे नवजात रुग्णास सेफोटॅक्सिम हे औषध देण्यास दीड तास विलंब झाला. याबाबत लेखी माफीनामा सादर करावा."

तिनं ते मेट्रनच्या टेबलापाशी उभ्या उभ्या वाचलं. आदेश डावलला, खरं. बाहेर फोन केला, तेही खरं. पण विलंब? आणि सेफोटॅक्सिमला? "केसपेपर दाखवा," ती म्हणाली.

मेट्रनबाईंनी फाईल पुढं सरकवली. त्या दिवशीचं पान स्वच्छ होतं. आडवी रेघ नव्हती, सेफ्ट्रायाक्सोनचं नाव नव्हतं. सकाळी दहा, सेफोटॅक्सिम, खाली सही. पान बदललं होतं. डॉक्टरनं दहा वाजता योग्य औषध लिहिलं आणि सिस्टरनं दीड तास दिलं नाही, असं ते पान सांगत होतं.

पंचशीलानं टेबलाची कड धरली. "बाई, हे तुम्हाला माहीत हाय?"

मेट्रनबाई खिडकीकडं पाहत म्हणाल्या, "दोन ओळी लिहून टाक गं. माफी म्हटलं की विषय मिटतो. नोकरी करायचीय ना?"

त्या संध्याकाळी तिनं आनंदराजला सगळं सांगितलं. तो ऐकत होता; मधेच उठून त्यानं तिला पाणी दिलं. "तुला काय वाटतं?" एवढंच त्यानं विचारलं.

"मला वाटतं, उद्या दुसरं लेकरू येईल, त्यालाही तेच टोचतील," ती म्हणाली. "तो कागद अजून भिंतीवर हाय, आनंद. पान बदलायला त्यांना सवड झाली. कागद उतरवायला न्हाई झाली."

माफीनाम्याऐवजी तिनं समक्ष बोलायची वेळ मागितली. सोमवारी दुपारी ट्रस्टचे अध्यक्ष बापूसाहेब यांच्या खोलीत तिला बोलावलं. बापूसाहेब वयस्क, पांढऱ्या सफारीतले, बोलायला मृदू. शेजारी डॉ. यज्ञेश, कोपऱ्यात मेट्रनबाई. मेडिकल सांभाळणाऱ्या शेषेरावांनाही तिच्याच विनंतीवरून बोलावलं होतं. पंचशीलाला कुणी खुर्ची दिली नाही. तिनं मागितलीही नाही. तिच्या हातात झाकलेला ट्रे होता, तो टेबलावर ठेवून ती उभी राहिली.

"हे बघा सिस्टर," बापूसाहेब म्हणाले, "लेकरू बरं झालं, देवाची कृपा. आता ताणू नये. तुम्हा लोकांना एकदा बोलायची सवय लागली की कुठं थांबावं ते कळत नाही, एवढाच दोष."

"कोन लोक, साहेब?"

बापूसाहेबांनी चष्मा काढला. "नर्स लोक म्हणालो मी."

"बरं," पंचशीला म्हणाली. तिनं ते तिथंच सोडलं, पण सोडताना त्यांच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. मग शेषेरावांकडं वळून विचारलं, "काका, आपल्या मेडिकलमध्ये सेफोटॅक्सिम कधीपासून न्हाई?"

शेषेरावांनी एकदा डॉक्टरकडं पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडं. "वरीस झालं असंल. कोनी मागतच न्हाई."

"त्या दिवशी चार नंबरसाठी वर काय पाठवलं तुमी?"

"सेफ्ट्रायाक्सोन. चिठ्ठीवर तेच होतं."

"साहेब," ती म्हणाली, "डॉक्टरसाहेबांनी दहा वाजता सेफोटॅक्सिम लिहिलं असेल, तर मेडिकलमधून सेफ्ट्रायाक्सोन वर कसं आलं? फाईलमधलं पान बदललंय. मी लिहिलेल्या वहीत सगळ्या वेळा आहेत. वही कुणाच्या ध्यानात आली नाही, म्हणून ती राहिली."

डॉ. यज्ञेश म्हणाले, "अहो, पान खराब झालं होतं, मी फेअर करून लिहिलं. एवढ्यावरून—"

"फेअर करताना औषधाचं नाव पण फेअर झालं, सर?"

तिनं ट्रेवरचं फडकं काढलं. दोन कुप्या, दोन सिरिंज, कॅल्शियमचे अँप्युल, पाणी आणि औषधाच्या रिकाम्या झालेल्या दोन काचेच्या बाटल्या, धुऊन लखलखीत केलेल्या. बापूसाहेबांच्या समोर तिनं दोन्ही पुड्या पाण्यात विरघळवल्या. दोन्ही पाणी फिकट पिवळसर, आरपार दिसणारं. कुठलं कुठल्या औषधाचं, ते चिठ्ठीशिवाय सांगता आलं नसतं. एकेका बाटलीत एकेक ओतलं. मग सेफोटॅक्सिमच्या बाटलीत कॅल्शियम सोडलं आणि बाटली हलवली. पाणी तसंच राहिलं. दुसऱ्या बाटलीत, सेफ्ट्रायाक्सोनच्या, तेवढंच कॅल्शियम सोडलं. पाण्यात धूर निघाल्यासारखा पांढरा लोट उठला आणि बघता बघता सगळं गढूळ झालं, चुन्याची निवळी ढवळल्यासारखं.

बापूसाहेबांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडं धरली.

"हे काचेत झालं," डॉ. यज्ञेश घाईनं म्हणाले. "शरीरात एवढं दाट औषध एकत्र येत नाही. हा शाळेतला प्रयोग आहे, साहेब."

"बरोबर आहे, सर. शरीरात एवढं दिसत न्हाई. दिसत न्हाई म्हणूनच माणूस टोचून मोकळा होतो." तिनं कुपीच्या खोक्यातली घडी उलगडली. बारीक अक्षरांचा पातळ कागद, प्रत्येक खोक्यात येतो आणि प्रत्येक वेळी सरळ केराच्या डब्यात जातो. "हे मी नाही लिहिलेलं. बनवणाऱ्यांनी छापलंय. कावीळ झालेल्या नवजात बालकाला देऊ नये. शिरेतून कॅल्शियम चालू असलेल्या नवजात बालकाला देऊ नये. पेन्सिलीनं खूण केलीय, वाचा."

बापूसाहेबांनी वाचलं. सावकाश वाचलं, ओठ हलवत. वाचून झाल्यावर त्यांनी कागद डॉक्टरपुढं धरला. डॉक्टरांनी तो घेतला नाही.

पंचशीलाचा आवाज इतका वेळ खाली होता, तो आता वर आला. "मला एवढंच विचारायचंय. चूक कुणाकडून होत न्हाई? माझ्याकडून पण झाल्यात. त्या दिवशी सर वर येऊन म्हणाले असते, सिस्टर, बरं झालं विचारलंत, तर विषय तिथंच मिटला असता. पण चूक लेकराच्या अंगात गेली न्हाई, म्हणून ती माझ्या अंगावर टाकायची? उदगीरहून ती माणसं आपल्या भरवशावर आली. त्यांना दोन औषधातला फरक कळत न्हाई, कळायची गरज पण न्हाई. तो आपल्याला कळावा म्हणून आपण पगार घेतो. आणि ज्याला कळला त्यानं माफी मागायची? मी माफी लिहिणार न्हाई. आधी भिंतीवरचा तो कागद उतरवा. माझं काय करायचं ते मग करा."

ती ट्रे तिथंच ठेवून बाहेर आली. जिन्यात तिला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

कागद त्याच संध्याकाळी उतरला. दोन दिवसांत नवा लागला. त्यात नवजात बालकांसाठी वेगळी ओळ होती, आणि शेषेरावांच्या कपाटात सेफोटॅक्सिमचा खण झाला. पण मेमो कुणी मागं घेतला नाही. "फाईलला राहू दे, पुढं काही होत नाही," असा निरोप आला, आणि पाठोपाठ दुसरा: उद्यापासून ड्यूटी खाली, ड्रेसिंगच्या खोलीत. नवजात कक्षात चौदा वर्षं घालवलेल्या बाईनं आता गळवं आणि टाके बघायचे.

चार नंबरच्या लेकराला सुट्टी मिळाली त्या दिवशी पंचशीला ड्रेसिंगच्या दारातून पाहत होती. डॉ. यज्ञेश रेवणप्पाच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते, "वेळेवर योग्य औषध मिळालं म्हणून वाचलं बरं का." रेवणप्पानं त्यांच्या पुढं पेढ्यांचा पुडा धरला. त्यांनी एक घेतला, निवांत खाल्ला. पंचशीलाच्या हातातल्या चिमट्यातून बोळा खाली पडला. गंगम्मा मात्र लेकराला छातीशी धरून तडक तिच्याकडं आली. "अक्का, तू मधी उभी राह्यलीस ते मी काचेतून बघितलाव," ती म्हणाली. "त्या डॉक्टरला सांगू काय?"

"सांगायची गरज न्हाई मावशी. त्यांना माहीत हाय." लेकराचा तळवा तिनं दाबून पाहिला. गुलाबी होता.

त्या आठवड्यात तिनं दोन अर्ज लिहिले. एक ट्रस्टला: मेमो लेखी मागं घ्यावा. दुसरा डॉक्टरांच्या कौन्सिलला: केसपेपरचं पान बदललं, सोबत ड्यूटीच्या वहीची झेरॉक्स. मेट्रनबाईंनी समजावलं, मृण्मयीनं हळूच वहीच्या नोंदीखाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली. पंचशीलानं पोस्टात उभं राहून रजिस्टर केलं आणि पावत्या घरी नेल्या.

दोन महिने गेले. नवजात कक्षात दोन सिस्टर सोडून गेल्या, नवीन आल्या त्यांना एवढ्याशा लेकराची शीर सापडेना. मेट्रनबाई स्वतः ड्रेसिंगच्या खोलीत आल्या. "चल गं वर. साहेबांनीच बोलावलंय."

"मेमो मागं घेतल्याचा कागद हातात द्या, मग येते."

"तोंडी सांगितलंय त्यांनी."

"मेमो तोंडी न्हवता, बाई."

कागद यायला नऊ दिवस लागले. तिनं तो वाचला, आणि परत पाठवला. त्यात मेमोची तारीख चुकीची पडली होती, उद्या कुणी म्हणेल हा दुसराच कुठला मेमो. दुरुस्त होऊन आला तेव्हा ती वर गेली.

पहिल्याच राउंडला डॉ. यज्ञेश समोर आले. त्यांनी दोन नंबरच्या लेकराला तपासलं, केसपेपरवर लिहिलं, आणि नेहमीसारखा तो पलंगावर न टाकता तिच्यापुढं धरला. "बघून घ्या, सिस्टर."

पंचशीलानं केसपेपर घेतला. पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. वजन, दिवस, कावीळ, सलाईन, औषध, डोस. घाई केली नाही. डॉक्टर उभे होते, त्यांना उभं राहू दिलं. मग म्हणाली, "बरोबर आहे, सर."

कौन्सिलचं पत्र त्यानंतर पंधरा दिवसांनी आलं. चौकशीची तारीख पडली होती. हॉस्पिटलमधल्या दोघातिघांनी येऊन सुचवलं, आता सगळं गोडीनं झालंय, तेवढा अर्ज मागं घ्या. तिनं नाही म्हटलं, आणि त्या तारखेची रजा टाकली.